पांढऱ्या डोळ्यांची थोरा

थोरा हाउगेन पडद्यावर पहिल्यांदा दिसली ती मेलेली. नदीतून ओढून काढलेली कोणी एक बाई, केस ओले, तोंड अर्धवट उघडं, काठावर उताणी. पुढची पाच-सहा वर्षं ती मरतच राहिली. कधी पाण्यात, कधी क्षयानं, एकदा तर ज्वालामुखीखाली सापडून. मरायचं नसेल त्या दिवशी ती भूत व्हायची, आणि भुताचीही गरज नसेल तर चर्चच्या पायरीवरची आंधळी भिकारीण. हॉलिवूडमध्ये काम मागायला आलेली निम्मी माणसं त्या काळी उपासमारीनं मरायला टेकली होती. थोरा मात्र मरून पोट भरत होती.

दोष तिचा नव्हता आणि तिच्या डोळ्यांचाही नव्हता, दोष होता फिल्मचा. त्या वेळची फिल्म म्हणजे एक नंबरची खोटारडी. तिला लाल दिसायचं ते काळं आणि निळं दिसायचं ते पांढरं. नायिकेनं हौसेनं ओठांना लाली लावली की पडद्यावर तिनं डांबर खाल्ल्यासारखं दिसे, आणि कॅलिफोर्नियाचं निळंशार आकाश कोऱ्या कागदासारखं येई. थोराचे डोळे निळे, तेही अगदी फिके, आजीच्या वळणावर गेलेले. समोर बसून बोलणाऱ्याला ते छान वाटत. पण स्टुडिओच्या झगझगीत दिव्यांपुढं डोळ्यातली बाहुली आकसून मोहरीएवढी व्हायची, भोवतीचा निळा रंग फिल्मवर पांढरा पडायचा, आणि पडद्यावर उरायची सोललेल्या अंड्यांसारखी दोन बुबुळं. असल्या बाईच्या प्रेमात नायकाला पाडणार कसं? तिला शवपेटीत झोपवणंच सगळ्यांना सोयीचं वाटायचं.

ती मूळची मिनेसोटाकडची. आईबाप नॉर्वेतून आलेले, शेतीवाडी करणारे. एका हिवाळ्यात बाप गेला, आईची छाती भरायला लागली, डॉक्टर म्हणाला उन्हाच्या देशात जा. म्हणून मायलेकी शेत विकून लॉस एंजेलिसला आल्या. थोरा आधी लिंबं पॅक करायच्या कारखान्यात लागली. तिथं एकदा कोणीतरी चित्रातल्या गर्दीत उभं राहायला चार मुली मागायला आलं आणि ती गेली. लिंबांपेक्षा गर्दी बरी, असं तिला वाटलं. आई मालेना हॉलिवूडच्या गावर स्ट्रीटमागच्या एका बेकरीत पहाटेपासून कणीक मळायची. दोघी तिथंच एका चाळवजा वसाहतीत राहायच्या, दोन खोल्या आणि पुढं हातभर अंगण. विधवा झाल्यापासून मालेना काळंच घालायची. मानेपासून टाचेपर्यंत काळा झगा आणि वर काळी लोकरी शाल. कॅलिफोर्नियाच्या उन्हात बघणाऱ्याला घाम फुटायचा, पण तिला नाही.

शेजारच्या खोलीत नेल नावाची एक एक्स्ट्रा बाई राहायची. ती रोज संध्याकाळी खिडकीतून ओरडायची, "काय गं थोरा, आज कशी मेलीस?"

"कड्यावरून पडून."

"बरं झालं. कालच्यासारखी भिजली नाहीस ना! सर्दीचं मरण वाईट."

थोरा हसायची, पण आत घरात हा विनोद चालत नव्हता. कारण असं की मालेना एकदा, एकदाच, लेकीचं चित्र बघायला गेली होती. रुमालात बटाट्याची लेफ्से, म्हणजे नॉर्वेकडची पातळ पोळी, बांधून घेतलेली, शेजारणींना सांगून आलेली. आणि पडद्यावर नदीकाठी थोरा पडलेली, पांढरे डोळे सताड उघडे. मालेना भर थिएटरात उठून उभी राहिली आणि नॉर्वेच्या बोलीत लेकीला हाका मारायला लागली. पियानो वाजवणारीचे हात थांबले. लोक हसले. थोरा शेजारीच बसलेली, हात ओढत होती, "आई, मी इथंय, ही बघ," पण मालेना तिच्याकडं बघेचना.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाचा मेलेला चेहरा बघितलाय मी. तेवढा पुरे. आमच्या गावी जित्या माणसाचा मेलेला चेहरा बघणं अशुभ. तू काय हवं ते कर, मला बोलावू नकोस."

थोरानं परोपरीनं समजावलं. ते खोटं असतं, रंग असतो, फिल्मची खोड असते. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून थोराच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. तिला नटी व्हायचं नव्हतं, मोटार नको होती, नाव नको होतं. आपण जिवंत माणसासारखे दिसतोय आणि आई शेवटपर्यंत बसून बघतेय, असं एक चित्र तिला हवं होतं.

आणि मग क्विग्ली आला.

डेल्मर क्विग्ली नावाचा हा दिग्दर्शक आजवर घोड्यांची आणि पिस्तुलांची चित्रं काढत आलेला. गावर स्ट्रीटजवळच्या गल्लीत स्वस्तातल्या स्टुडिओंची जी रांग होती, तिथं एक जागा त्यानं भाड्यानं घेतली आणि जाहीर केलं की आता घोडे बंद. त्या वर्षी घरोघर रेडिओचं वेड शिरलेलं. क्विग्लीच्या गोष्टीत एका इंजिनियरला रेडिओवर चंद्रावरून हाका ऐकू येतात, आणि चांदीच्या गोळ्यात बसून तिथली एक बाई पृथ्वीवर उतरते. तिला सगळं कळतं, नुसतं रडता येत नाही. चंद्रावर पाणीच नाही, तर अश्रू कुठून येणार? शेवटी इंजिनियरच्या आजारपणात ती पहिल्यांदा रडते, माणूस होते, आणि परत जायचं सोडून इथंच राहते. असलं चित्र तोवर कोणी काढलं नव्हतं, आणि काढू नये असं क्विग्लीला सोडून सगळ्यांचं मत होतं.

सकाळी फाटकापाशी एक्स्ट्रांची गर्दी उभी असायची. एके दिवशी माणसं निवडणारा गडी बाहेर येऊन ओरडला, "हाउगेन! हाउगेन आलीय का? ये आत. आज मरायचं नाहीये."

क्विग्लीनं तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडं वळवला, घोडा घेताना बघावा तसा. मग टाळी वाजवली. "हेच! हेच डोळे! या पोरीच्या डोळ्यांत कोणी राहतच नाही!"

हे कौतुक आहे हे समजायला थोराला जरा वेळ लागला.

घरी तिनं बातमी सांगितली तेव्हा मालेना कॉफी ओतत होती.

"चंद्रावरची बाई," थोरा म्हणाली. "मोठं काम आहे, आई. शेवटपर्यंत मी आहे चित्रात."

"जिवंत?"

"जिवंत."

"आणि डोळे?"

थोरानं साखरेची वाटी आईकडं सरकवली.

"पांढरेच ना? मग काय, चंद्रावर जाऊन मेलीस म्हणायची. इथं जागा पुरली नाही वाटतं."

"पण शेवटी ती माणूस होते, आई. रडते. तेव्हा तरी बघशील?"

"तेव्हाचं तेव्हा," मालेना म्हणाली आणि कपात साखरेचा खडा टाकला. तिच्या तोंडून याहून गोड होकार निघत नसे, आणि थोरानं तेवढ्यावर आशा बांधली.

चंद्र बांधला होता प्लास्टर, राख आणि किडक्या पिठाची पोती ओतून. उंदरांना तो फार आवडला. चंद्रावरच्या माणसांचे ओठ दिसू नयेत म्हणून निळे रंगवलेले आणि चेहरे पिवळेजर्द. दुपारी जेवणाची खोकी वाटली की हे सगळे चांदीचे झगे सावरत खड्ड्यांच्या कडेला बसून अंडी सोलायचे. सेटच्या कोपऱ्यात एक म्हातारा व्हायोलिनवाला बसवलेला असायचा, नटांच्या मनात भाव यावेत म्हणून. चंद्रावरच्या बाईला भावच नव्हते, त्यामुळं तो बिचारा बराच वेळ डुलक्या काढायचा.

कॅमेरामन होता एम्मेट प्रायर. जाडा, सावकाश बोलणारा, टोपी उलटी घालून तंबाखू चघळणारा माणूस. कॅमेऱ्याची मूठ तो हातानं फिरवायचा आणि वेळ चुकू नये म्हणून पुटपुटत आकडे मोजायचा. उमेदीची वर्षं त्यानं नट्यांचे चेहरे टिपण्यात घालवलेली. निळ्या डोळ्यांच्या मुलींसाठी त्याच्यापाशी एक युक्ती होती, आणि ती त्या धंद्यातल्या सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक होती. कॅमेऱ्याच्या भिंगाखाली काळ्या मखमलीचा मोठा तुकडा लटकवायचा. मुलीनं त्या काळ्यात बघायचं. झगझगाटात काळं दिसलं की डोळ्याची बाहुली मोठी होते, निळं कमी उरतं, आणि फिल्मवर डोळे काळेभोर येतात. ज्यांचं नाव पाटीवर लागायचं त्या नायिकांना ही मखमल मिळायची. प्रेताला कोण मखमल लावतो!

ज्या दिवशी थोराचा पहिला क्लोज-अप होता, त्या दिवशी क्विग्ली बाहेर पैसेवाल्या मंडळींशी भांडत होता. त्याच्या मदतनिसानं सांगितलं, घ्या उरकून. एम्मेटनं नेहमीच्या सवयीनं कॅमेरा लावला, मूठ पुसली, आणि पेटीतून मखमल काढून भिंगाखाली टाचली. ज्याच्या हाताला वर्षानुवर्षं एकच वळण लागलंय त्याला विचार करावा लागत नाही. शिवाय त्याला थोराची दयाही येत होती.

"पोरी, इकडं बघ," तो म्हणाला. "या काळ्यात बघ. घाबरू नकोस. या फिल्मनं तुझ्यासारख्या लई पोरींना उपाशी मारलंय."

थोराला मखमल काय करते हे पक्कं ठाऊक होतं. मेलेल्या बाईला सेटवर दुसरं काम नसतं. पडल्या पडल्या पापणीच्या फटीतून तिनं कितीतरी नायिकांचे डोळे त्या तुकड्यानं काळे होताना बघितले होते. या चित्रात डोळे पांढरेच हवेत हेही तिला ठाऊक होतं. तिनं बोलायला हवं होतं. "मिस्टर प्रायर, ते काढा," एवढंच. पण सहा वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते समोर लटकत होतं. तिनं तोंड मिटलं आणि काळ्यात बघितलं. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की व्हायोलिनवालासुद्धा जागा होऊन वाजवायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रीळ धुऊन आलं. अंधाऱ्या खोलीत सगळे बसले. पडद्यावर थोरा आली, मोठ्या काळ्या डोळ्यांची, हसू दाबून धरलेली, साधीसुधी, गोड मुलगी. स्वतःला ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला.

क्विग्ली उठून उभा राहिला. "ही कोण? ही कोण आहे? मी चंद्रावरची बाई मागितली होती, ही तर दुधाची बरणी घेऊन आलीय! प्रायर! मखमल लावलीस? लावलीस ना? म्हातारचळ लागलाय तुला. उद्यापासून येऊ नकोस!"

एम्मेटचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "चुकलंच," तो म्हणाला. "हात गेला सवयीनं."

थोरा बसल्या जागी थिजली. गप्प राहिली असती तर तिचं काम शाबूत होतं. चूक कॅमेरामनची, बोल त्याच्या कपाळी. पण आपल्यावर दया केलेला माणूस आपल्यापायी घरी बसतोय हे तिला बघवेना.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मिस्टर क्विग्ली, मखमलीनं काय होतं ते मला माहीत होतं. मी मुद्दाम बोलले नाही. त्यांना काढायचं तर मला काढा."

क्विग्लीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तो दोघांना वाट्टेल ते बोलला, घोड्यांना कधी बोलला नसेल असं. पण एवढा चंद्र उभा करून झाला होता, आणि असे डोळे दुसरीकडं मिळणार नव्हते. शेवटी त्यानं एम्मेटच्या पेटीतून मखमल उचलली आणि खोलीतल्या शेगडीत कोंबली. जळक्या केसांसारखा वास सुटला.

"पुन्हा जर काळं काही माझ्या कॅमेऱ्याजवळ दिसलं," तो म्हणाला, "तर दोघांना खऱ्या चंद्रावर पाठवीन."

बाहेर आल्यावर एम्मेट तिला म्हणाला, "कशाला बोललीस? मी म्हातारा माणूस. मला काय, दुसरीकडं कुठंतरी मूठ फिरवली असती."

"आणि मला झोप आली असती का?"

तो तंबाखू थुंकला. "छान आले होते डोळे," तो म्हणाला.

पुढचे आठवडे थोरा पांढऱ्या डोळ्यांनी वावरली. क्लोज-अपवर क्लोज-अप, मोठाले दिवे अगदी तोंडाशी. त्या दिव्यांची आच डोळ्यांना बाधते. रात्रभर वाळू कोंबल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं. मालेना कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापून तिच्या पापण्यांवर ठेवायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. "लिंबं काय वाईट होती? लिंबांनी डोळे गेले नसते. चंद्रावर जाऊन आंधळी होणारी तू पहिलीच." बोलायची आणि मध्यरात्री उठून चकत्या बदलायची.

शूटिंग संपायच्या आदल्या दिवशी रडण्याचा प्रवेश घेतला. थोराच्या डोळ्यांत ग्लिसरिनचे थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी रीळ बघायचं होतं, आणि तोवर तिचे डोळे इतके सुजले की वाट दिसेना. मालेनानं बेकरीत सुट्टी सांगितली, लेकीला हाताला धरून स्टुडिओपर्यंत आणलं, आणि फाटकाबाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसली. आत यायला ती तयार नव्हती. एम्मेटनं येता येता टोपी काढून तिला नमस्कार केला.

रीळ लागलं. पांढऱ्या बुबुळांवरून ग्लिसरिन ओघळत होतं. अंड्यावर पाणी सांडल्यासारखं. आधी मदतनीस फिसकन हसला, मग व्हायोलिनवाला, मग पैसेवाल्यांनी पाठवलेला माणूस पोट धरून हसला. संध्याकाळी सेट मोडायचा होता, जागा दुसऱ्याला दिलेली होती. क्विग्ली चंद्रावर जाऊन एका खड्ड्यात बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मग तो म्हणाला, "रडणं काढून टाका. मरू दे तिला. पृथ्वीची हवा मानवत नाही, मरते, संपलं. मरण तिला चांगलं जमतं. हाउगेन, झोप तिथं."

थोरानं सुजलेल्या डोळ्यांनी त्या जागेकडं बघितलं. प्लास्टरची शिळा. अशा कितीतरी शिळांवर ती झोपली होती, कधी हूं की चूं केलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मी मरणार नाही. ती माणूस होते ना शेवटी? मग तिचे डोळे माणसाचे व्हायला हवेत. मखमल लावा."

"पुन्हा मखमल!" क्विग्ली ताडकन उठला. "अगं बये, आधीचे डोळे पांढरे आणि पुढच्या क्षणी एकदम काळे? लोक म्हणतील बाई बदलली! असं एकाएकी..." तो बोलता बोलता थांबला. तोंड उघडंच राहिलं. "एकाएकी नाही," तो हळूच म्हणाला. "प्रायर! कॅमेरा चालू असताना मखमल आणली तर? लांबून, हळूहळू? तिचे डोळे लोकांच्या समोर..."

"बदलतील," एम्मेट म्हणाला. "दिवेही एकेक करून विझवले तर नक्की बदलतील."

"आण मखमल!"

"ती तुम्ही जाळलीत, साहेब."

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. सगळा सेट पांढरा, झगे चांदीचे, गाद्यागिरद्या रुपेरी. एम्मेटच्या कॅमेऱ्यावरचं फडकं होतं, पण हातरुमालाएवढं आणि विटून मातकट झालेलं. कपडेवालीकडं चंद्राशिवाय काही नव्हतं. तेवढ्यात एम्मेटला काहीतरी आठवलं आणि तो जाडा माणूस चक्क पळत फाटकाकडं गेला.

मालेना आत आली ती विणकाम हातात घेऊनच. चंद्राकडं तिनं एक नजर टाकली. "पीठ वाया घालवलंय," ती म्हणाली.

क्विग्लीनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मानेपासून टाचेपर्यंत काळं, वर काळी शाल, आणि बाई अंगानं चांगली दाराएवढी. देव पावल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"बाईसाहेब, तुम्ही तिथून निघायचं. शाल अशी दोन्ही हातांनी पसरून, सावकाश, या कॅमेऱ्यापर्यंत. चर्चमध्ये जाता तसं."

"चर्चमध्ये मी शाल पसरून जात नाही."

"तरी."

"माझं चित्र निघणार नाही ना?"

"नाही. तुम्ही कॅमेऱ्याच्या मागून येणार."

"हिचं निघणार?"

"हो."

मालेनानं लेकीकडं बोट केलं. "मरणार आहे का ती?"

क्विग्लीनं थोराकडं बघितलं, मग म्हातारीकडं. "तुम्ही नीट चाललात तर नाही," तो म्हणाला.

मालेनानं विणकाम व्हायोलिनवाल्याच्या मांडीवर ठेवलं.

दिवे लागले. थोराला समोर नुसता पांढरा जाळ दिसत होता, आणि त्या जाळामागं एम्मेटच्या मुठीची घरघर आणि आकड्यांची पुटपुट. ग्लिसरिन तिनं घेतलं नव्हतं. डोळे आगीसारखे चुरचुरत होते तरी तिनं ते उघडे ठेवले. डावीकडचा एक दिवा गेला, मग दुसरा. जाळाच्या मधोमध एक काळी रेघ उमटली. ती रुंदावत गेली. आधी शाल, मग शालीवरचा रापलेला चेहरा, मग कॉफीचा आणि भाजलेल्या पावाचा ओळखीचा वास. आई पाऊल टाकत होती ते अगदी जपून, जणू हातात भरलेलं भांडं आहे आणि एक थेंब सांडला तर पोरगी जाईल. ओठ घट्ट मिटलेले. पसरलेले हात तिनं जरासुद्धा खाली केले नाहीत.

थोराच्या डोळ्यांना एवढा गारवा कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता. ती त्या काळ्यात बघत राहिली आणि तिला रडू आलं. रडायला कोणी सांगितलं नव्हतं.

"कट," क्विग्ली म्हणाला, पण इतक्या हळू की एम्मेट मूठ फिरवतच राहिला.

चित्र काही फार चाललं नाही. घोड्यांना सरावलेल्या लोकांना चंद्र पचायला वेळ लागतो. पण धंद्यातली माणसं मात्र एकमेकांना विचारत होती, त्या बाईचे डोळे बदलले कसे? क्विग्ली सांगायचा, गुप्त यंत्र आहे, जर्मनीहून मागवलंय. थोरानं ते खोडून काढलं नाही. पुढं दोन-तीन वर्षांत नवी फिल्म आली, निळ्याला निळं बघणारी, आणि पांढऱ्या डोळ्यांच्या भुतांचा बाजार उठला. थोराला आता साधी कामं मिळायला लागली. दुकानातली बाई, नर्स, लग्नात टेबलापाशी बसलेली मावशी. बोलपट आले तेव्हा तिचा मिनेसोटाचा हेलही कोणाच्या कानाला खटकला नाही, कारण मावशीला दोन वाक्यांपेक्षा जास्त नसतातच. नेल खिडकीतून विचारायची, "काय गं, आज कशी मेलीस?" आणि थोरा म्हणायची, "आज नाही बाई, आज सहा जणांना कॉफी वाढली."

पण हे सगळं नंतरचं. चंद्राचं चित्र पहिल्यांदा लागलं त्या संध्याकाळी मायलेकी शहरातल्या एका लहान थिएटरात मागच्या रांगेत बसल्या होत्या. मालेना आली होती खरी, पण दिवे गेल्याबरोबर तिनं शाल तोंडावर ओढून घेतली होती.

"आता काय चाललंय?" ती शालीतून विचारायची.

"गोळा उतरतोय."

"मेली का ती?"

"नाही, आई."

"आता?"

"आता तो आजारी पडलाय. मी त्याच्या उशाशी बसलेय."

पुढच्या रांगेतल्या माणसानं दोनदा मागं वळून बघितलं. पडद्यावर तिचा चेहरा जवळ आला, मोठा झाला, पांढरा, रिकामा. तिनं आईच्या मनगटाला हात लावला.

"आता बघ."

मालेनानं शालीची कड बोटभर खाली केली. ते पांढरे डोळे दिसल्याबरोबर तिची बोटं थोराच्या हातात रुतली. पण शाल तिनं वर घेतली नाही. पडद्यावर पांढऱ्याच्या मधोमध एक काळा ठिपका उमटला, वाढला, आणखी वाढला, आणि त्या मुलीला एकाएकी समोर कोणीतरी दिसायला लागलं. तिचे डोळे भरून आले. मालेनाची शाल खांद्यावर घसरली.

"अगं," ती चांगलं मोठ्यानं म्हणाली, "ही माझ्याकडं बघतेय!"

पुढचा माणूस "शू" म्हणाला.

"हो," थोरा म्हणाली. "तुझ्याकडंच बघत होते."

दिवे लागले, लोक उठले, टोप्या शोधायला लागले. मालेनानं शालीच्या टोकानं तोंड पुसलं, रुमालाची गाठ सोडून लेफ्सेचा तुकडा लेकीच्या हातात ठेवला आणि विचारलं, "पुन्हा दाखवतात का हे?"

त्या काळी एकाच तिकिटावर पुढचा खेळही बघता यायचा. दोघी जागेवरून हलल्या नाहीत.